छत्तीस गोण्या

स्लॅब भरून झाला की मिस्त्री आवारात एक चक्कर मारायचा. खरं तर बघण्यासारखं काही उरलेलं नसायचं. सिमेंटची एकही गोणी शिल्लक नाही, वाळूचा ढीग होता तिथे नुसता ओला डाग, आणि खडी म्हणाल तर अनवाणी पायाला टोचेल इतपतच. मजूर बाया घमेली धूत असायच्या आणि घरमालक कौतुकाने मान हलवत उभा असायचा. दुसऱ्या मिस्त्रींच्या कामावर चार गोण्या उरायच्या नि दमट हवेत दगड व्हायच्या, नाहीतर ऐन वेळी माल संपून कुणीतरी दुकानाकडे सायकल दामटायचं. याच्या कामावर तीस वर्षांत तसं कधी घडलं नव्हतं. म्हणून सगळे त्याला तराजू म्हणायचे. दुकानदार म्हणायचा, मजूर म्हणायचे, आणि ज्यांचं घर त्याने बांधलं ते तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगायचे, की आमचा मिस्त्री डोळ्यांनी तोलतो.

त्यातलं खरं फक्त दोघांना ठाऊक होतं. तोलणारी घरी होती. त्याची बायको.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. स्वतंत्रपणे घेतलेलं त्याचं पहिलंच काम, एका खोलीचा स्लॅब. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करून त्याने माल मागवला आणि दोन तृतीयांश खोली भरेपर्यंत सगळा माल संपला. जुने मिस्त्री गंमत बघायला जमले होते. घरी आला तो जेवलाच नाही. बायकोने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि शाळेत गणितात तिचा हात कुणी धरत नव्हतं, पण हे तिने सासरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातली एक वाटी घेतली आणि मागच्या अंगणात बसली. एक वाटी सिमेंट, दीड वाटी वाळू, तीन वाट्या खडी. पाणी घालून कालवलं, आणि कालवलेलं त्याच वाटीने परत मोजलं. साडेपाच वाट्या घातल्या होत्या, निघाल्या जेमतेम साडेतीन. खडीच्या फटींत वाळू शिरते नि वाळूच्या फटींत सिमेंट, मग सगळं खाली बसतं. तिने त्याला हाक मारून दाखवलं आणि म्हणाली, “कोरडं असताना सगळ्यांनाच फुशारकी. ओलं झालं की खरं माप कळतं. तुम्ही दीडपटीहून जरा जास्त धरायला हवं होतं.”

ती वाटी पुन्हा काही स्वयंपाकघरात गेली नाही. पण तिचं उत्तर कायमचं घरात राहिलं. त्यानंतर काम आलं की सकाळच्या चहाला तो तिला मापं सांगायचा. ती कॅलेंडरचा फाडलेला पाठकोरा कागद घ्यायची, वर मापं लिहायची, डोळे मिटायची, ओठ थोडे हलायचे, आणि मग खाली तीन आकडे लिहायची. गोण्या, वाळू, खडी. मधलं काही लिहायची नाही. ते तिच्या डोक्यातच व्हायचं. तो खालचे आकडे बघून कागद खिशात घालायचा आणि दुकानाकडे निघायचा. त्यांची एकुलती लेक लहानपणापासून हे बघत आली होती. तिला वाटायचं, बाबा सांगतात आणि आई लिहून घेते.

पहिल्याच वेळी दुकानदाराने विचारलं होतं, की इतकं नेमकं कुणी काढून दिलं. तेव्हा तो म्हणाला, मीच काढलं. काही ठरवून म्हणाला नाही, तोंडातून गेलं. अशा बोलण्याचंही काँक्रीटसारखंच असतं. पहिल्या अर्ध्या तासात हलवलं तर हलतं, नंतर फोडावं लागतं. त्याने हलवलं नाही. पुढे नाव झालं, आणि नाव झाल्यावर फोडायचा धीर झाला नाही. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही. एकदा दुकानदार घरी आला होता आणि तिच्यासमोरच याच्या नजरेची तारीफ करत बसला. ती चहा ठेवून आत गेली. नंतर म्हणाली, “साखर कमी पडली का हो तुमच्या दोस्ताला? फार गोड बोलत होते.” एवढंच. तीही हसली, तोही हसला. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. लेकीचं लग्न झालं की सांगू, असं त्याने मनाशी धरलं होतं. लग्न झालं, लेक दूरच्या शहरात शाळेत शिकवायला लागली, आणि सांगायचं ते राहिलंच.

मग एका सकाळी बायको दोरीवर कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठली नाही.

दवाखान्यातून अठरा दिवसांनी घरी आणली तेव्हा तिचा उजवा हात निकामी झाला होता आणि बोलणं गेलं होतं. दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘नको’, आणि तेही कधीकधी अदलाबदल होऊन यायचे. समजतं का, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले की पुष्कळसं समजत असेल, पण किती ते सांगता येणार नाही. त्या ‘किती’पाशी तो अडकून राहिला. जन्मभर त्याला सगळं नेमकं मिळत आलं होतं.

चार महिने त्याने घर बांधायचं काम घेतलं नाही. दुसऱ्यांच्या हाताखाली गिलावा कर, फरशी बसव, असं रोजंदारीवर जात राहिला. विचारणाऱ्यांना सांगायचा की बायकोचं करायला वेळ हवा. ते खरंही होतं. सकाळी तिला अंघोळ घालायची, वेणी घालायची, भरवायचं. वेणी त्याला जमत नसे. तीन पेड हातात घेतले की चौथा कुठून तरी यायचा. ती डाव्या हाताने मागे चाचपून बघायची आणि तोंडाची एक बाजू हसायची.

पोस्टमनचं घर नसतं तर तो तसाच राहिला असता. पोस्टमन नोकरीतून सुटले होते आणि नवरा-बायकोने मिळून गावाच्या कडेला घर काढलं होतं. भिंती झाल्या, बीम भरून झाले, आणि स्लॅबसाठी ते याच्या दारात आले. म्हणाले, बाकी कुणाकडून काहीही करून घेईन, पण डोक्यावरचं तुम्हीच घाला. तीस वर्षं त्यांनी घरोघरी पत्रं टाकली होती, आणि कुठल्या घराच्या छताला ओल येत नाही ते त्यांनी बघून ठेवलं होतं. नाही म्हणवेना. चोवीस फूट बाय वीस फूट, जाडी पाच इंच. गावात सरसकट चार इंचांचे स्लॅब पडायचे, पण पोस्टमनना पुढेमागे वर एक खोली चढवायची होती.

काम घेतलं खरं, आणि मग प्रश्न पडला. माल किती मागवायचा? तो स्वतः करायला बसला. गुणाकार झाला, पुढे इंचांचे फूट करताना गाडी अडली. पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांची चळत होती. त्यात असंच एखादं घर सापडेल म्हणून त्याने ते जमिनीवर पसरले. पलंगावरून बायको बघत होती. तिने डावा हात वर केला आणि बोटांनी कागद मागितला.

त्याला आधी कळलंच नाही. मग पेन्सिल दिली, पाठीमागे उशी लावली, मांडीवर पाट ठेवून त्यावर कागद ठेवला. पूर्वीसारखी त्याने मापं सांगितली. तिने डाव्या हाताने एकेक आकडा काढला, वेडावाकडा, लहान मुलं काढतात तसा. मग डोळे मिटले. ओठांची एकच बाजू हलत होती. पूर्वी ज्याला अर्धं मिनिट लागायचं, त्याला चहा निवून साय धरेपर्यंत वेळ लागला. मग तिने डोळे उघडले आणि खाली लिहिलं. छत्तीस. त्याखाली वाळू, त्याखाली खडी. आणि पेन्सिल ठेवून त्याच्याकडे बघितलं.

त्याला रडूच आलं. ती परत आली होती. हात गेला, बोलणं गेलं, पण त्याचं माणूस आत जसंच्या तसं होतं. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे केले, खालचे आकडे पाठ केले, आणि कागद जपून पेटीत ठेवून दिला. हा कागद मळायला नको, असं त्याला वाटलं.

दुकानात आकडा सांगितला तसा दुकानदार हसला. “छत्तीसचा आकडा? वहिनींशी भांडून आलात की काय?”

“तिला भांडता येऊ दे की आधी,” मिस्त्री म्हणाला. किती तरी दिवसांनी तो मोकळा हसला होता.

स्लॅब भरला त्या दिवशी बाजार बंद होता. मजूर त्याच दिवशी मोकळे होते म्हणून त्याने तो दिवस धरला. एकदा मिक्सर सुरू झाल्यावर दुकानाची गरज त्याला कधी पडलीच नव्हती. दुपारपर्यंत काम लोण्यासारखं चाललं. पोस्टमनची बायको सावलीत बसून घमेली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बघत होती. तिसऱ्या प्रहरी मिक्सरवाल्याने हाक मारून विचारलं की बाकीच्या गोण्या कुठे ठेवल्यात. मिस्त्री वरून म्हणाला, आहेत तिथेच. मिक्सरवाला म्हणाला, इथे तर चारच आहेत.

तो शिडीवरून खाली आला. चार गोण्या होत्या. वाळूचा ढीग गुडघ्याएवढा. वर अजून सात फूट लांबीचा स्लॅब भरायचा होता. पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय ते त्याला त्या ढिगाकडे बघून कळलं. चार गोण्यांतून दोनेक फूट निघाले असते. त्याने दुकानदाराच्या घरी माणूस पाठवला. दुकानदार नातेवाइकांकडे परगावी गेला होता. दुसरं दुकान दोन तासांवर, तेही बंद. ऊन कडक होतं आणि भरलेला भाग डोळ्यांदेखत आवळत चालला होता. शेवटची पाटी पडली तेव्हा पाच फुटांची पट्टी उघडी राहिली, नुसत्या सळया. नेमकी स्वयंपाकघरावर.

मजूर घमेली धुवायला लागले. पोस्टमन हलक्या आवाजात म्हणाले, “मिस्त्री, असं कसं झालं?”

त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आपण कुठे येऊन उभे आहोत. खरं सांगायला तीस वर्षं होती. ज्या ज्या दिवशी सांगितलं असतं, त्या त्या दिवशी तिचं नाव झालं असतं. आज सांगावं तर ती चहाडी. आजवरचं श्रेय माझं, आणि पहिली चूक तेवढी तिची. त्याने मान खाली घातली. “माझी चूक झाली काका,” तो म्हणाला. “मोजायला चुकलो.”

दुसऱ्या दिवशी नऊ गोण्या आणून पट्टी भरली. पण काल आणि आज यांच्यामध्ये सांधा पडला तो पडलाच. स्लॅब मुरावा म्हणून वर आळी करून पाणी साठवलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या छताला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ओलीची रेघ उमटली.

घरी बायको डोळ्यांनी विचारायची. तो सांगायचा, झालं, व्यवस्थित झालं. तिच्या तोंडाची एक बाजू हसायची, आणि तो चूल पुसायला किंवा पाणी भरायला उठायचा. त्याने स्वतःशी पक्कं धरलं होतं की तिचं डोकं गेलेलं आहे, आकडे आठवतात पण हिशेब जुळत नाही, आणि हे तिला कळता कामा नये. पेन्सिल त्याने फडताळाच्या वरच्या फळीवर टाकली.

आठवड्याने पोस्टमन घरी आले. भांडायला नव्हेत, त्यांचा तो स्वभावच नव्हता. ओल वाढतेय, काही करता येईल का, एवढं विचारायला आले होते. मिस्त्री त्यांना बाहेरच थोपवणार होता, पण ते दारात येऊन उभे राहिले होते आणि आतल्या पलंगाकडे बघून त्यांनी नमस्कारही केला होता. मग बोलता बोलता म्हणाले, “पाच इंची स्लॅबला नऊ गोण्या कमी पडाव्यात, तेही तुमच्या हातून. माझा तर विश्वासच बसत नाही.”

ते गेल्यावर मिस्त्री आत वळला. बायको उशीवरून अर्धी उठली होती. डावा हात हवेत होता आणि ती त्याला बोटं दाखवत होती. चार. अंगठा तळव्यात दुमडून चार बोटं. तिच्या घशातून आवाज येत होता. ‘नको, नको’, असं ती म्हणत होती, आणि पुन्हा पुन्हा चार बोटं. त्याला वाटलं, चार वाजताची गोळी. तो गोळी नि पाणी घेऊन आला. तिने पाण्याचा पेला झटकून टाकला, आणि हवेत लिहिल्यासारखं करून पेटीकडे हात केला. तिला कागद हवा होता.

म्हणजे तिला कळलं होतं. आपलं चुकलं हे तिला कळलं होतं. तो कागद तिच्यासमोर ठेवायचा, आणि तिने त्या वेड्यावाकड्या आकड्यांकडे बघत बसायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं. “तो कागद हरवला गं,” तो म्हणाला. “आणि चूक माझीच होती, मीच दुकानात आकडा चुकीचा सांगितला. तू नको मनाला लावून घेऊ. आता नाहीच करायचे आपण असले हिशेब.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हात अजून वर होता. मग एकेक बोट मिटत गेलं आणि हात पांघरुणावर पडला. तिने तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती फारशी काही मागेनाशी झाली. भरवलं तर खायची, नाही भरवलं तर नाही. वेणी घालताना मागे हात नेऊन चाचपायची नाही. तो तिला दिवसभराच्या गमती सांगायचा, कोण शिडीवरून घसरलं, कुणाच्या दाराची चौकट उलटी बसली. ती ऐकायची की नाही कोण जाणे. अडीच महिन्यांनी एका दुपारी तो कुणाच्या तरी जिन्याला गिलावा करत असताना शेजारीण धावत बोलवायला आली. तो पोचला तेव्हा हातावरचं सिमेंट वाळलेलं होतं आणि ती गेलेली होती.

लेक आली, आठ-दहा दिवस राहिली. आईची लुगडी, औषधं, उशा, सगळं तिनेच आवरलं. पेटी काढली तेव्हा कागदांची चळत बघून म्हणाली की हे सगळे ठेवायचे का. मिस्त्री उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या मनात आलं, की आता तरी. निदान लेकीला तरी. आणि त्याने सांगितलं. वाटीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, की वरचाच कागद बघ, तिचा शेवटचा. तो चुकला. हात आणि डोकं दोन्ही दमलं होतं तिचं.

लेकीने कागद उजेडाला धरला. बराच वेळ बघत राहिली. मग फडताळावर हात फिरवून पेन्सिल काढली आणि त्याच कागदाच्या कडेला काहीतरी करायला लागली. खोडलं, पुन्हा केलं.

“बाबा,” ती म्हणाली, “स्लॅब किती इंचांचा होता?”

“पाच.”

“मग आईने इथे चार का लिहिलंय?”

तो उठून आला. कागदावर वरती तीन वेडेवाकडे आकडे होते. चोवीस. वीस. चार. तो कागद त्याने किती जपून ठेवला होता, पण बघितले होते ते फक्त खालचे आकडे, नेहमीसारखे.

“चार इंचांना छत्तीसच लागतात,” लेक म्हणाली. “मी दोनदा केलं. वाळू बरोबर आहे, खडी बरोबर आहे. पाच इंचांना पंचेचाळीस लागल्या असत्या. नऊच कमी.” मग तिचा आवाज बारीक झाला. “बाबा, तुम्ही तिला चार सांगितलंत का?”

तीस वर्षं त्याने चारच सांगितलं होतं. लांबी बदलायची, रुंदी बदलायची, शेवटी जिभेला वळण पडल्यासारखं ‘आणि चार’. त्या सकाळी तिच्या हातात पेन्सिल बघून त्याचे डोळे भरले होते, आणि त्या भरात जीभ जुन्या वळणाने गेली. तिने ऐकलं ते लिहिलं, आणि जे लिहिलं त्याचं उत्तर अचूक काढलं. अर्ध्या अंगाने, डाव्या हाताने. ती चुकली नव्हती. आणि ज्या दिवशी पोस्टमन दारात उभे राहून पाच इंच म्हणाले, त्या दिवशी तिच्या लक्षात आलं होतं की घोळ कुठे झाला. म्हणून चार बोटं. म्हणून तिला कागद हवा होता. ती सांगत होती की तुम्ही चार म्हणालात, आणि त्याने तिला गोळी दिली होती.

तो कागद हातात घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिला. लेकीने एकदा पाठीवर हात ठेवला नि काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो सांगत सुटला. आधी दुकानदाराला. दुकानदाराने कामं बाजूला ठेवून सगळं ऐकलं, उठून याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “गेलेल्या माणसाबद्दल असंच वाटतं मिस्त्री. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटायचं, सगळं दुकान तीच चालवत होती.” मजुरांना सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडे बघितलं. ज्यांची घरं बांधली त्यातल्या पाच-सहा जणांच्या दारी जाऊन सांगितलं. कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं की फार जीव होता हो तुमचा वहिनींवर. तीस वर्षांचं खोटं सगळ्यांनी चटकन खरं मानलं होतं. आता खरं सांगत होता, तर लोकांना ते दुःखातलं बोलणं वाटत होतं. तो चिडला नाही. ज्याने त्याने आपापल्या परीने त्याला सांभाळूनच घेतलं होतं.

पोस्टमनकडे तो सर्वांत शेवटी गेला, कारण तिथे जायची सर्वांत जास्त लाज वाटत होती. ते नव्या घराच्या ओसरीवर बसले होते. याने सांगितलं आणि कागद पुढे केला. पोस्टमननी चष्मा पुसला, कागद जवळ धरला, लांब धरला. जन्मभर त्यांनी परक्यांची अक्षरं वाचली होती.

“डाव्या हाताचं आहे हे,” ते म्हणाले. “पण ज्याला लिहायची सवय आहे अशा माणसाच्या डाव्या हाताचं.” त्यांनी आतून बायकोला बोलावलं आणि तिलाही कागद दाखवला. ती तो बराच वेळ हातात धरून उभी होती. मग पोस्टमननी विचारलं, “त्यांना शेवटी कळलं होतं का, की त्यांचं बरोबर होतं?”

“तिला कळलं होतं,” मिस्त्री म्हणाला. “मला कळत नव्हतं.”

पोस्टमनच्या बायकोने कागद दोन्ही हातांनी त्याला परत दिला.

त्याने त्यांच्या स्लॅबचा सांधा छिन्नीने उकरला, धुतला, नवा माल ठासून भरला, आणि वरून घट्ट कोबा केला. मालाचा हिशेब लेकीने फोनवर सांगितला. त्याने तो कागदावर उतरवून घेतला आणि तिला दोनदा परत वाचून दाखवला, वरचे आकडे आधी. बारा दिवस काम चाललं. ओल पुष्कळ कमी झाली, पण पावसाच्या झडीला कोपऱ्यात एक ठिपका येतो तो येतोच. पोस्टमनच्या बायकोने शेगडी पलीकडच्या भिंतीला हलवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

लेक म्हणते, माझ्याकडे येऊन राहा. तो म्हणतो, बघू. स्लॅबचं काम त्याने पुन्हा घेतलं नाही. गिलाव्याला, फरशीला जातो, संध्याकाळी घरी येतो, एकट्यापुरतं रांधतो. कामाला जाताना पोस्टमनच्या घरावरून सरळ वाट आहे, पण तो मागच्या गल्लीने वळसा घालून जातो. समोरून गेलं की ते दोघं ओसरीवरून हाक मारतात, बसवून चहा देतात, आणि दरवेळी तिच्याबद्दल काहीतरी विचारतात. सगळ्या गावात त्या दोघांनीच त्याचं खरं मानलं, आणि तेच त्याला सोसत नाही.